हलव्याचा काटा

आमच्या घरी संक्रांतीचा हलवा आणि बावला खुनाची गोष्ट बरोबरच व्हायची. एकाशिवाय दुसरं होतच नसावं, असं मला लहानपणी वाटायचं.

पौष लागला की आजी पहाटे चारला उठून शेगडी पेटवायची. मुंबईची थंडी ती केवढी! पण गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मागच्या गॅलरीत पहाटेचा जो काय गारवा असायचा, तेवढ्यात ती आपलं काम साधून घ्यायची. कोळसे चांगले फुलले की वर राख पसरून आच मंद करायची. पितळेची परात, तिच्यात मूठभर तीळ. बाजूला एकतारी पाक. थोडं दूध घालून त्याची मळी काढलेली, त्यामुळे काचेसारखा स्वच्छ. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ परातीत फिरवत राहायचे. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. चटके बसतात, पण हात थांबवायचा नाही. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, तीळ नुसते पांढुरके होतात. दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठल्यासारखं बारीक काहीतरी जाणवतं. आणि तिसऱ्या पहाटे, थंडी आणि आच दोन्ही जमली, तर दाण्यादाण्याला काटा फुटतो.

हात असे गुंतले की आजीचं बोलणं सुरू व्हायचं.

“अशीच संक्रांत तोंडावर आली होती. बारा जानेवारी. लाल मोटार होती.”

तारीख तिला पाठ होती आणि ती अगदी बरोबर होती. १२ जानेवारी १९२५, सोमवार. संध्याकाळी सातच्या पुढे, दिवेलागण होऊन गेल्यावर, मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या बाजूला एक मोटार चालली होती. आत अब्दुल कादर बावला हा पंचवीस वर्षांचा श्रीमंत व्यापारी, त्याच्याबरोबर मुमताज बेगम, शिवाय त्याचा मॅनेजर आणि मोटारीची माणसं. मागून लाल रंगाची मॅक्सवेल गाडी आली, तिनं यांची गाडी गाठली आणि अडवली. सात-आठ माणसं उतरली. त्यांना ती बाई हवी होती. ते तिला ओढून बाहेर काढू लागले, बावला मध्ये पडला, आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. इथे आजी उलट्या हाताने आपल्या गालावर, कपाळावर अशा रेघा ओढून दाखवायची. बोटांना पाक लागलेला असायचा, तो तिच्या गालावर चमकायचा.

“आणि मग ते गोरे आले. वाट चुकून आले.”

हा तिचा आवडता भाग. गोल्फ खेळून परत निघालेले तीन-चार इंग्रज लष्करी अधिकारी त्या रस्त्याला लागले. लेफ्टनंट सेगर्ट गाडी चालवत होता आणि तो चुकीच्या वळणावर वळला, असं सांगतात. बाईची किंकाळी ऐकून ही माणसं धावली. त्यांच्याजवळ हत्यार कुठलं असणार? गोल्फच्या काठ्या तेवढ्या होत्या. सेगर्टला स्वतःला गोळ्या लागल्या, तरी त्यानं काठीनं झोडपून काढलं आणि माणूस धरून ठेवला. दोघं जागच्या जागी सापडले. बावला त्याच रात्री गेला. मुमताज वाचली.

“त्या वाकड्या काठीनं वाचली,” आजी म्हणायची. गोल्फ हा शब्द तिला कधी नीट आला नाही. पुढे दूरदर्शनवर गोल्फचा सामना लागला, तेव्हा ती चष्मा पुसून जवळ गेली आणि बराच वेळ त्या काठीकडे बघत बसली.

आता गंमत अशी, की त्या संध्याकाळी आजी मुंबईत नव्हतीच. ती होती इंदुरात, बारा-तेरा वर्षांची, अजून परकरात. मलबार हिल तिनं डोळ्यांनी पाहिली ती दोन वर्षांनी लग्न होऊन गिरगावात आल्यावर. गोष्टीचा मुंबईचा अर्धा भाग आजोबांचा, आणि इंदूरचा अर्धा तिचा स्वतःचा. दोन्ही भाग ती असे सांधून सांगायची, की शिवण दिसायची नाही. कुठला शब्द कुणाचा, हे आज मलाही सांगता येणार नाही.

आजोबा तेव्हा वीस-एकवीसचे. एका छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या उन्हाळ्यात गिरगावात दुसरा विषय नव्हता. पानाच्या गादीवर बावला, नळावर बावला, गाणाऱ्या बाईंच्या बैठकीत बावला. खटल्याच्या चोपड्या निघाल्या होत्या, आण्या-दोन आण्यांच्या, आणि त्या त्यांच्या छापखान्यातही छापल्या गेल्या. ‘म’चे खिळे संपले, असं ते सांगत. एकाच पानावर मुमताज, महाराज, मोटार आणि मलबार. केसमधला ‘म’चा खण रिकामा व्हायचा आणि दुसरं पान सुटेपर्यंत हात बांधून बसावं लागायचं. आजोबांनी रंगवून सांगितलेलं असेल, पण मला ते खरं वाटतं. कोहिनूर फिल्म कंपनीनं त्याच वर्षी या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपट काढला, होमी मास्टर यांनी दिग्दर्शित केलेला. आजोबांनी तो दोनदा पाहिला होता. घरी फक्त एकदाचं कबूल केलं होतं.

खटला मुंबई हायकोर्टात, न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे, ज्युरी बसवून चालला. नऊ आरोपी, सगळे इंदूरकडचे. त्यांत होळकरांच्या फौजेतले एक वरचे अधिकारीही होते, सरदार आनंदराव फणसे. त्यांचे वकील बॅरिस्टर जीना. आजोबा छापखान्यातून सुट्टी काढून कोर्टाबाहेर उभे राहिले होते. आत शिरायला जागा कुठली! पण जीनांना गाडीतून उतरताना पाहिलं, कॉलर कडक, चालणं घाई नसलेलं, एवढं ते आम्हांला सांगत. पुढं पाकिस्तान झालं तेव्हा चाळीत लोक जीनांवर काहीबाही बोलत, आणि आजोबा मध्येच म्हणत, “फणश्यांना फासावरून काढलं त्यांनी.” ते खरंच होतं. फणश्यांचा गळा वाचला.

मे महिन्यात निकाल लागला. शफी अहमद, पुष्पशील पोंडे आणि शामराव दिघे या तिघांना फाशी सुनावली गेली. फणसे आणि आणखी काही जणांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पोंडे, दिघे, फणसे. आजोबा ही नावं घेताना आवाज उतरवत. दिघे आडनावाचं एक बिऱ्हाड आमच्याच मजल्यावर होतं. या प्रकरणाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता, तरी त्या उन्हाळ्यात त्या घरातल्या बायका नळावर लवकर येऊन जायच्या, असं आजोबांच्या आईकडून ऐकलेलं.

न्यायमूर्तींनी ज्युरीपुढे बोलताना एक गोष्ट सांगितली, ती मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटते. मारेकऱ्यांच्या पाठीमागे आणखी कुणी होतं. ते कोण, हे नेमकं बोट ठेवून दाखवता येत नाही. पण जी बाई दहा वर्षं इंदूरच्या महाराजांजवळ होती, तिलाच पळवायचा प्रयत्न झाल्यावर या हल्ल्याचं मूळ शोधायला इंदूरकडे पाहणं मुळीच वावगं नाही, असा त्या बोलण्याचा आशय होता. इंदूरकडे पाहणं! मुंबईत बसून इंदूरकडे पाहणं सोपं होतं. इंदुरात बसून कुठे पाहायचं?

आजीचे वडील, म्हणजे आमचे पणजोबा, त्यांना सगळे नाना म्हणत. नाना होळकर दरबारात कारकून. जुन्या इंदुरात, राजवाड्यापासून चालत जाता येईल एवढ्यावर घर. आजीचं इंदूर म्हणजे सकाळच्या वाफेवरच्या पोह्यांचं इंदूर, वर जिरावण आणि शेव, बाजूला जिलबी. थंडीत तळलेला गराडू. मक्याची कोवळी कणसं किसून दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस. ती गिरगावात साठ वर्षं राहिली, पण पोह्यांवर ओलं खोबरं घालायला तिचा हात शेवटपर्यंत धजला नाही. बोलायचीही तशीच, “काय करून राहिलीस गं?” चाळीतल्या कोकणी बायका सुरुवातीला हसायच्या, मग त्यांच्या मुलीही तसंच बोलायला लागल्या.

आणि तिच्या इंदुरात महाराजांना ‘सरकार’ म्हणत. हे तुकोजीराव, तिसरे. त्यांच्या वडिलांनी, शिवाजीरावांनी १९०३ साली गादी सोडली तेव्हा हे बारा-तेरा वर्षांचे. नानांच्या पिढीनं त्यांना मुलगा म्हणून पाहिलेलं, मग राजा म्हणून. कापड बाजाराला त्यांचं नाव, इस्पितळाला त्यांचं नाव, ती दोन्ही आजही आहेत. आमच्या पणजोळच्या ओसरीवर अहिल्याबाईंची तसबीर होती, हातात पिंड घेतलेली, आणि तिच्या खालच्या अंगाला सरकारांची.

बातमी आली ती मुंबईच्या वर्तमानपत्रातून, खांडव्याला गाडी बदलून, दोन-तीन दिवसांनी. आजीला नक्की आठवत होतं ते एवढंच, की नानांनी पेपर घडी करून कोटाच्या आत घातला आणि माईंना, म्हणजे आजीच्या आईला, म्हणाले, “मुलींना बाहेर सोडू नका.” का, ते सांगितलं नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू त्या वर्षी झालं, बायका आल्या, वाण लुटलं, पण कुणी कुणाशी जास्त बोललं नाही. ओसरीवर पुरुष बसले की कंदिलाची वात खाली केली जायची. “भिंतीला कान असतात म्हणतात ना,” आजी म्हणायची, “आमच्याकडे त्या वर्षी पायरीला पण कान होते.” दोन वर्षांनी ती सासरी आली, तर इथे लोक तीच गोष्ट भाजी निवडत, हसत, मोठ्यानं सांगतायत! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला दरदरून घाम फुटला होता. नव्या नवरीला काय झालं म्हणून सासूनं कांदा हुंगायला दिला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सरकारनं, म्हणजे इंग्रज सरकारनं, तुकोजीरावांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली, पुढे चौकशी होणार नाही या अटीवर. सतरा वर्षांचे यशवंतराव गादीवर आले. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. तसबीर मात्र काढली नाही. काही महिन्यांनी धाकट्या महाराजांची तसबीर आणून तिच्या शेजारी लावली, आणि दोन्हींना एकच हार पुरेल असा लांब करायला माईंना सांगितलं.

चौकशी झाली नाही, म्हणून उत्तरही नाही. गाडीतले लोक सापडले, त्यांना शिक्षा झाल्या. पण त्यांना गाडीत कुणी बसवलं? महाराजांवर खटला भरला गेला नाही आणि कुठल्या न्यायालयानं त्यांना दोषी धरलेलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गोष्ट सांगता सांगता माणूस न्यायाधीश होऊन बसतो. माझे आजोबा बसले होते. त्यांच्या लेखी सगळं उघड होतं.

इंदूरच्या मराठी घरांत मात्र वेगळी गोष्ट चालायची, आणि ती माई सांगायच्या. त्या म्हणत, “ध चा मा झाला.” शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवे, मराठी मुलाला हे सांगावं लागत नाही. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं, असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. तो मूळ कागद इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही, पण अक्षर बदलल्याची कथा काही जात नाही. माईंचं म्हणणं, इथंही तसंच. सरकार कधीतरी उदास होऊन काहीतरी बोलले असतील. कुणा हुजऱ्यानं ते ऐकलं असेल. त्याला वाटलं असेल, बाई परत आणून दिली तर सोन्याचं कडं मिळेल. त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि मलबार हिलच्या उतारावर पोचेपर्यंत ‘आणा’चं काय झालं ते झालं. “राजाला हुकूम द्यावा लागत नाही,” माई म्हणायच्या. “तो नुसता सुस्कारला तरी दहा जण घोडे काढतात.”

मला हे बरीच वर्षं पटत होतं. खिळे जुळवणाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे असेल, एका अक्षरानं सगळं उलटंपालटं होतं, यावर माझा लगेच विश्वास बसायचा. पण आता, सत्तरीला आल्यावर, मला माईंच्या गोष्टीत एक मोठी उणीव दिसते. तीत सगळे आहेत: सरकार, हुजऱ्या, दुसरा, तिसरा. बाई नाही. ‘आणा’ म्हटलं काय नि ‘मारा’ म्हटलं काय, तिला यायचंच नव्हतं, हे तीत कुठे येत नाही.

आजीच्या गोष्टीत ते यायचं. आजी कधी आजोबांच्या बाजूला नव्हती की माईंच्या. तिला महाराजांचं काय झालं यापेक्षा मुमताजचं काय झालं याची काळजी जास्त. अमृतसरकडची ती, गाणारी-नाचणारी. आई वजीर बेगम हीही त्याच पेशातली. अगदी कोवळ्या वयात इंदूरला आली. कोर्टात तिनं सांगितलं, की मला हवं त्याला भेटता यायचं, नातेवाइकांना बोलावता यायचं, पण बरोबर कायम कुणीतरी असायचंच. महाराजांच्या लवाजम्याबरोबर मसुरीला जायला निघाली असताना तिनं दिल्लीला गाडी सोडली आणि पुढं जायला नकार दिला. तिथून अमृतसर, आणि फिरत फिरत शेवटी मुंबई, बावलाच्या आश्रयाला. माग तिथंही सुटला नव्हता.

आणि इंदूर का सोडलंस, असं विचारल्यावर तिनं कोर्टात जे सांगितलं, ते आजी दर वर्षी सांगायची. मला मुलगी झाली होती, ती दायांनी मारली, म्हणून मला तिथे राहायचं नव्हतं.

आजोबा म्हणत, वकिलानं शिकवलं असेल. माईंनी तर कानांवर हात ठेवले होते. वाड्यात असं होणं शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. आजी कुणाशी वाद घालायची नाही. ती नुसती म्हणायची, “खोटं सांगायचं असतं, तर मुलगा सांगितला असता.”

लहानपणी मला या वाक्याचा अर्थ कळायचा नाही. गाद्या-वारस कळायला लागल्यावर कळला आणि अंगावर शहारा आला. राजाच्या घरी मुलगा झाला होता म्हणणाऱ्या बाईकडे सगळ्या जगाचं लक्ष गेलं असतं. तिनं मुलगी म्हटलं, आणि त्या वाक्याला कुणी हटकलंसुद्धा नाही. ज्युरीसमोर प्रश्न बावलाच्या खुनाचा होता. त्या मुलीसाठी कधी कुठे कोर्ट बसलं नाही.

नानांना आजीनं एकदाच विचारलं होतं. १९४० च्या सुमारास असेल, नाना थकले होते, आजी माहेरपणाला गेली होती. दुपारी त्यांच्या पायांना तेल चोळता चोळता तिनं विचारलं, “नाना, कुणी सांगितलं होतं हो?” काय, ते बोलायची गरज नव्हती, पंधरा वर्षांनंतरही नव्हती. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या घरचं मीठ खाल्लंय.” बस्स. त्यांना काही ठाऊक होतं, की ठाऊक नसतानाही बोलायचं नाही असं ठरलेलं होतं, हे आजीला कळलं नाही. कारकुनाला असून असून काय ठाऊक असणार, असं ती कधी म्हणायची. कधी म्हणायची, कारकुनालाच सगळं ठाऊक असतं. त्या दिवशीचं वाटीतलं तेल संपलं आणि विषय संपला.

मीठ तिनंही खाल्लं होतं. तुकोजीरावांनी पुढे, १९२८ साली, सिअॅटलच्या नॅन्सी मिलर यांच्याशी बडवाहला लग्न केलं. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी त्यांना हिंदू धर्मात घेतलं आणि त्या शर्मिष्ठादेवी झाल्या. माईंनी त्या लग्नाचं पाच पानी पत्र आजीला लिहिलं होतं. त्यात बहुतेक वर्णन नवरीच्या गोरेपणाचं आणि नेसण्याचं, कारण माईंना ती लांबून का होईना दिसली होती. ते पत्र आजीनं पुष्कळ वर्षं जपलं. आणि १९७८ साली महाराज पॅरिसला वारले, तेव्हा इंदूरच्या मामेभावाचं कार्ड आलं. मीच वाचून दाखवलं. आजी काही बोलली नाही. उठली, बंब पेटवला, डोक्यावरून अंघोळ केली, आणि ओल्या केसांनी देवापुढे बसली. मी तेव्हा तेवीस वर्षांची, फटकळ. म्हटलं, “आजी, तूच म्हणतेस ना, त्या बाईचं खरं होतं म्हणून? मग ह्यांच्यासाठी अंघोळ कशाला?” ती म्हणाली, “तिचं खरंच होतं.” आणि पाण्याचे थेंब जमिनीवर पडत राहिले. दोन्ही गोष्टी तिच्यात एकत्र कशा राहत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं असं म्हणणार नाही, पण आता मी तो प्रश्न तिला विचारला नसता.

आता एका डब्याचं सांगते.

१९८४ च्या दिवाळीत आजीनं मला केशराची डबी आणायला तिच्या ट्रंकेकडे पाठवलं. केशर सापडेना. तळाशी, चंद्रकळेच्या घडीखाली, पत्र्याचा एक चपटा डबा लागला. बिस्किटांचा, वरची चित्रं पुसून गेलेली. मी उघडला. आत जरीचे दोरे होते, गोल बांधलेले. दोन बारीक कडी, एक जरा मोठा गोल, एक लांबट सर. काळवंडलेले. दोऱ्याला ठिकठिकाणी चिकट, पिवळट काहीतरी सुकून राहिलेलं. मी एक कडं बोटांत घालून पाहिलं. दोन बोटं कशीबशी गेली.

हलव्याचे दागिने होते ते. मुंबईच्या किती पावसाळ्यांनी त्यांची साखर खाल्ली होती कोण जाणे. दोरे तेवढे राहिले होते.

आत्याला विचारलं, तेव्हा तिनं आधी दार लोटलं. आत्याला माईंनी सांगितलेलं, आजीनं कधीच नाही. बाबांच्या आधी, १९३० साली, आजीला मुलगी झाली होती. संक्रांतीला तिचं बोरन्हाण करायचं ठरलं होतं. आजीनं पहिल्यांदाच गिरगावातल्या थंडीत हलवा केला, त्याला काटा येईना म्हणून रात्र रात्र बसली, आणि आला. दागिने ओवून झाले होते. संक्रांतीच्या तीन दिवस आधी मुलीला ताप भरला. कसला ताप, हे माईंना सांगता आलं नव्हतं. तेव्हा कुठे नावं असायची तापांना! बारशाला ठेवलेलं नावही आत्याला नक्की माहीत नव्हतं. एकदा इंदू म्हणाली, एकदा सुधा.

डबा मी होता तिथे, चंद्रकळेखाली ठेवला. केशर फडताळातच होतं.

त्या संक्रांतीला मी ऑफिसातून रजा घेतली आणि तिन्ही पहाटे आजीजवळ बसले. ती बहात्तर-त्र्याहत्तरची. बोटं वाकडी झालेली, त्यामुळे परात मी धरली, पाक ती सोडत होती. गोष्ट नेहमीसारखी सुरू झाली. लाल मोटार झाली. गोरे वाट चुकले. वाकडी काठी झाली. गालावर रेघा ओढून झाल्या. नंतर कोर्ट, जीना, ‘म’चे खिळे. मग ती त्या वाक्यावर आली, दर वर्षी यायची तशी, आणि दर वर्षीसारखीच म्हणाली, “खोटं सांगायचं असतं, तर मुलगा सांगितला असता.”

खाली रस्त्यावर दूधवाल्याच्या सायकलची घंटी वाजली. परातीतले तीळ माझ्या बोटांखाली खरखरायला लागले होते.

“आजी,” मी म्हटलं, “तिचं नाव काय ठेवलं होतं?”

तिनं चमचा पातेलीवर टेकवला. माझ्याकडे पाहिलं नाही. शेगडीकडे पाहिलं, चिमट्यानं दोन कोळसे बाजूला सारले, त्यांच्यावर राख ओढली.

“आच कमी ठेव गं,” ती म्हणाली. “नुकता काटा धरून राहिलाय.”